केसपेपरवरचा ‘ए’

सरकारी दवाखान्यात नाव नोंदवले की गरोदर बाईला माता व बाल संरक्षण कार्ड मिळते, खासगी दवाखान्यात फाइल मिळते. दोन्हीकडे सुरुवातीलाच सिस्टर चार इंग्रजी अक्षरे आणि त्यांच्यापुढे आकडे लिहिते : जी २, पी ०, एल ०, ए १. घरातली मंडळी ही ओळ टेलिफोन नंबरासारखी सोडून देतात. पण घरात एखादी शिकलेली नणंद असली आणि तिने ती ओळ वाचायचे ठरवले तर काय होते, ते मराठवाड्यातल्या एका भगिनीने आम्हाला लिहून कळवले आहे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांना दिवस गेले होते. अडीच महिने झाले असताना त्या माहेरी गेल्या, तिथे रात्री पोटात दुखू लागले, रक्त गेले. अम्मीने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पिशवी साफ केली आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवले. सासरी फोनवर कळवले होते. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, विषय तिथेच संपला. वर्षभराने पुन्हा दिवस राहिले, नवे कार्ड निघाले, त्यावर ‘ए १’ आला. नणंदेने मोबाइलवर शोधले, तर ‘ए’ म्हणजे ॲबॉर्शन. मग कपाटातली जुनी फाइल बाहेर आली. तिच्यात लिहिलेले होते, ‘इनकम्प्लीट ॲबॉर्शन, डी अँड सी डन.’

“भाभी, तुम तो आपीच गिर गया करके बोले थे. यहाँ तो ॲबॉर्शन लिखा है.”

पुढचे सांगायला नको. आधी सासूबाई, मग शौहर. माहेरी जाऊन पाडून आली, असे घराने ठरवून टाकले. पाच महिन्यांच्या गरोदर बाईशी घरात कोणी धड बोलेना. ज्यांनी लिहिले त्यांनाच जाऊन विचारावे, हे दीड महिना कोणाला सुचले नाही. शेवटी धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायला आलेल्या उपकेंद्राच्या नर्सबाईंनी ओट्यावर बसून पाच मिनिटांत अर्थ सांगितला आणि घरावरचे सावट गेले. भगिनींनी आम्हाला कोणता मसअला विचारलेला नाही. त्यांचा प्रश्न साधा आहे : दवाखान्यातले लोक असा शब्द लिहितातच का?

लिहितात, कारण त्यांच्या पुस्तकात तो तसाच आहे. ‘जी’ म्हणजे आजवर किती वेळा दिवस राहिले, चालू खेप धरून. ‘पी’ म्हणजे किती बाळंतपणे झाली. ‘एल’ म्हणजे हयात मुले. आणि ‘ए’ म्हणजे मूल बाहेर जगू शकेल अशी मुदत भरण्याआधी किती वेळा गर्भ गेला. कसा गेला, हे ‘ए’ सांगत नाही. आपोआप पडला तरी ‘ए’, पाडला तरी ‘ए’. डॉक्टरी इंग्रजीत ॲबॉर्शन हा शब्द दोन्हींना आहे. फरक दाखवायला त्याच्या आधी एक विशेषण लावतात. आपोआप झाला तर ‘स्पॉन्टेनियस’, केला तर ‘इंड्यूस्ड’. पण रात्रपाळीला एका सिस्टरकडे वीस-पंचवीस खाटा असतात. विशेषण गळते आणि नुसते ॲबॉर्शन कागदावर राहते.

आपल्या घरच्या भाषा या बाबतीत इंग्रजीपेक्षा नेमक्या आहेत. मराठीत ‘पडले’ आणि ‘पाडले’ यांत एका कान्याचा फरक आहे, आणि त्या एका कान्यात सगळा न्याय आहे. दखनीत ‘गिर गया’ आणि ‘गिराए’. अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या म्हाताऱ्या बायासुद्धा हे दोन शब्द एकमेकांच्या जागी कधी वापरत नाहीत. घोटाळा होतो तो शिकलेल्या शब्दांत. ‘गर्भपात’ या शब्दात ‘पात’ म्हणजे नुसते पडणे. तरी वर्तमानपत्रांतून, कोर्टाच्या बातम्यांतून तो इतका वापरला गेला की आता ऐकणाऱ्याला पाडणेच ऐकू येते.

आणखी एक उलटापालट पाहा. आपल्या देशात गर्भ पाडण्याविषयीचा जो कायदा १९७१ साली झाला, त्याच्या नावात ॲबॉर्शन हा शब्दच नाही. तो आहे मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी ॲक्ट. त्यामुळे दवाखान्याच्या रजिस्टरात मुद्दाम केलेल्या गर्भपाताला बहुधा ‘एमटीपी’ म्हणतात, आणि ज्या बिचारीचा आपोआप गेला तिच्या कार्डावर ‘ॲबॉर्शन’ येते. घरचे लोक नेमका उलटा अर्थ लावतात, यात नवल ते काय?

त्या शब्दाच्या आणखी जाती आहेत आणि त्या आमच्या वाचकांना माहीत असलेल्या बऱ्या. ‘थ्रेटन्ड ॲबॉर्शन’ म्हणजे रक्त दिसले आहे, पण गर्भ जागेवर आहे. यातल्या पुष्कळ बायकांची बाळंतपणे पुढे नीट होतात. म्हणजे ज्या मुलीला घरी ‘ॲबॉर्शन लिहून दिलंय’ म्हणून रडवले जाते, तिच्या पोटातले मूल कदाचित चांगले जिवंत असते. ‘मिस्ड ॲबॉर्शन’ म्हणजे ठोके थांबले आहेत, पण रक्त गेलेले नाही, बाईला काही कळलेलेच नाही. यात ‘चुकवले’, ‘हुकले’ असा काही अर्थ नाही. ‘इनकम्प्लीट’ म्हणजे थोडे पडले, थोडे आत राहिले. ते आत कुजू नये, रक्तस्राव थांबावा म्हणून पिशवी साफ करावी लागते. त्यालाच डी अँड सी किंवा क्युरेटिंग म्हणतात. ‘क्युरेटिन केलं’ एवढे ऐकून शेजारीण निष्कर्ष काढते, कारण पाडतानाही काही वेळा तीच प्रक्रिया करतात. हत्यार एक, कारण वेगळे.

आपोआप पडणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. दिवस गेल्याचे कळलेल्या दर शंभर खेपांत दहा ते वीस अशा जातात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. सुरुवातीच्या या नुकसानात सुमारे निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जिना चढली, पपई खाल्ली, नजर लागली, यांतले काही लागत नाही.

हा शब्द बायकांना लागतो हे डॉक्टरांच्या लक्षात आले नाही असेही नाही. १९८५ साली लंडनच्या काही डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहून सुचवले की आपोआप गर्भ गेला असेल तर ‘मिसकॅरेज’ म्हणावे, ॲबॉर्शन म्हणू नये. ब्रिटनमध्ये पुढे तीच रीत रुळली. आपल्याकडे नर्सिंगच्या पुस्तकांत आणि केसपेपरवर अजून जुनाच शब्द चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या यादीतसुद्धा ‘स्पॉन्टेनियस ॲबॉर्शन’ हेच नाव आहे, त्यामुळे एकट्या सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र ‘स्पॉन्टेनियस’ हा एक शब्द पुरा लिहायला पाच सेकंद लागतात. डिस्चार्ज देताना बाईच्या आईला किंवा सासूला जवळ बोलावून “आपोआप पडलं आहे, तिनं काही केलेलं नाही” एवढे म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो. आमच्या वाचकांत नर्सिंग करणाऱ्या मुली आता बऱ्याच आहेत. त्यांनी हे करावे अशी आमची विनंती आहे. आणि घरच्यांना एवढेच की फाइल बाईची आहे. ती तिची अमानत आहे. कपाटातून परस्पर काढून वाचायची ती वस्तू नव्हे.

पुस्तकातले काही शब्द तर असे आहेत की ज्यांनी ते घडवले त्यांनी क्षणभर बाईच्या जागी बसून पाहिले नसावे. दोन-तीन वेळा गर्भ गेला की कार्डावर ‘बीओएच’ येते : बॅड ऑब्स्टेट्रिक हिस्टरी. बाळंतपणाचा पूर्वेतिहास वाईट. पस्तिशीनंतर पहिल्यांदा दिवस गेले तर ‘एल्डर्ली प्रायमी’, वयस्क पहिलटकरीण. आपल्या मराठीतला ‘पहिलटकरीण’ हा शब्द किती मायेचा आहे! त्याच्यामागे ‘वयस्क’ लावले की पस्तीस वर्षांची बाई एकदम आजीबाई होते. पुष्कळ वर्षांनी, औषधोपचार करून दिवस राहिले की फाइलवर ‘प्रेशस प्रेग्नन्सी’ लिहितात. भावना चांगली आहे. पण शेजारच्या खाटेवर चौथ्या खेपेची बाई पडलेली असते, तिचे मूल मग काय मोलाचे नाही?

यातला सगळ्यात बोचरा शब्द ‘इनकॉम्पिटंट’. काही बायकांचे चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भपिशवीचे तोंड कळा न येताच उघडते आणि मूल पडते. त्याला पुस्तकात ‘इनकॉम्पिटंट सर्व्हिक्स’ म्हणत आले आहेत, म्हणजे नालायक, अकार्यक्षम. आणि वारंवार तसे झाले तर ‘हॅबिच्युअल ॲबॉर्शन’, जणू ती बाईची सवयच आहे. आता ‘सर्व्हायकल इन्सफिशियन्सी’ आणि ‘रिकरंट प्रेग्नन्सी लॉस’ असे शब्द आले आहेत, जुनेही चालू आहेत. गंमत अशी की या दुखण्यावरचा जगभर नावाजलेला इलाज आपल्याच माणसाने शोधला. गोव्यातल्या शिरोडे गावी १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. पिशवीचे तोंड टाका घालून आवळून धरायची युक्ती त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. आज कोणत्याही देशातल्या लेबर रूममध्ये ‘शिरोडकर स्टिच’ म्हटले की सिस्टरला कळते. त्यांच्या त्या लेखाच्या मथळ्यातही ‘हॅबिच्युअल’ हाच शब्द होता. त्या काळची ती रीतच होती. तेव्हा एखाद्या सुनेच्या फाइलवर ‘इनकॉम्पिटंट’ दिसले तर तिच्यात खोट शोधू नये. टाका घालायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

लेबर रूमच्या आतली भाषा आणखी वेगळी. तिथे लिहायचे शब्द एक आणि बोलायचे शब्द दुसरे. कागदावर सिस्टर सेंटिमीटर लिहिते, बाहेर येऊन नातेवाइकांना बोटे सांगते : “दोन बोटं उघडलंय, वेळ आहे अजून.” एक बोट म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर, आणि दहा सेंटिमीटर झाले की पुरे. दारात उभी असलेली खाला हिशोब करते की सकाळी दोन बोटे होती, दुपारी दोनच. म्हणजे काही होत नाही, डॉक्टर टाळताहेत. पण पहिलटकरणीचे पहिले चार-पाच सेंटिमीटर सावकाशच उघडतात. पुढचा वेग वेगळा असतो.

इथे ‘नॉन प्रोग्रेस ऑफ लेबर’ हा शब्द येतो, आणि तो समजून घ्यायलाच हवा, कारण पुष्कळ सिझर त्याच नावाखाली होतात. बाहेर सांगताना त्याचे भाषांतर होते, “बाई जोरच देत नाही.” मग घरी आल्यावर जन्मभर ऐकावे लागते की तिला कळा सोसवल्या नाहीत, म्हणून मोठे ऑपरेशन करावे लागले, एवढा पैसा गेला. वास्तविक ‘प्रोग्रेस’ हे एक माप आहे आणि ते माप माणसांनी ठरवलेले आहे. १९५५ साली न्यूयॉर्कच्या डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी पाचशे पहिलटकरणींच्या कळांचा आलेख काढला. त्यातून पुढे ताशी एक सेंटिमीटर हा ढोबळ हिशोब सगळीकडे रूढ झाला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की हा वेग अनेक बायकांच्या बाबतीत अवास्तव आहे, केवळ तेवढ्यावरून घाई करू नये; आणि जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा. म्हणजे मापच सैल झाले. ज्या बाईला जुन्या मापाने ‘पुढे सरकत नाही’ म्हटले असते, ती नव्या मापाने कदाचित वेळेवरच आहे. मूल आडवे असेल, ठोके बिघडले असतील, तर सिझर करावेच लागते, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण तिथेही “तोंड उघडत नाहीये” म्हणणे आणि “ही जोर देत नाहीये” म्हणणे यांत पडले-पाडलेइतकाच फरक आहे. बाई बाळंत होते असे मराठी म्हणते, कर्ती तीच. दवाखान्यात मात्र ‘डॉक्टरांनी डिलिव्हरी केली’. नीट झाली की श्रेय डॉक्टरांचे, अडली की दोष बाईचा!

तारखेचा घोटाळा तर खास आपल्या घरांतला. पाळीची शेवटची तारीख विचारली की आपल्याकडच्या पुष्कळ बायका सांगतात, “शाबानचा चाँद दिसला त्याच्या दोन दिवस आधी.” चाँदचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. घरातल्या बुजुर्ग बायका त्याच महिन्यांनी नऊ मोजतात, ते होतात सुमारे २६६ दिवस. सिस्टर मोजते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८०. दोन्हींत बरोबर चौदा दिवसांचे अंतर पडते. मग घरी सुरू होते, “नौ महीने पूरे हो गए, दिनां ऊपर जा रे, अब तक दर्दां क्यों नहीं उठे?” आणि दवाखान्यात जाऊन कळा सुरू करायच्या सलाइनचा, नाहीतर सिझरचा आग्रह. बुजुर्गांचा हिशोब खुळा नाही. गर्भ राहिल्यापासून मोजले तर २६६ हाच आकडा डॉक्टरी पुस्तकातही आहे. फक्त त्या पाळीपासून मोजतात आणि गर्भ राहतो त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. म्हणून सिस्टरला चाँदची तारीख सांगायला हरकत नाही, सोबत घरातल्या जंत्रीवरून इंग्रजी तारीखही काढून न्यावी. आणि ‘तारीख दिली आहे’ म्हणजे ती कोर्टाची तारीख नव्हे. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी मुले शंभरात चार-पाचच.

भाषेचा प्रश्न आहेच. कोकणातल्या आपल्या बायकांना कळा, वार, पायाळू हे शब्द घरचेच आहेत. मराठवाड्यातल्या, मालेगाव-भिवंडीच्या मोहल्ल्यातल्या मुलीला सिस्टरने “कळा येताहेत का?” विचारले तर ती मान हलवून गप्प बसते. तिला ‘दर्द’ ठाऊक आहे. “वार पडली नाही” हे वाक्य बाहेर उभ्या असलेल्या उर्दू कानांना ऐकून पाहा. तिकडे वार म्हणजे घाव. उर्दूत तिला आँवल म्हणतात, हे एखाद्या सिस्टरला माहीत असेल तर बाहेरचा अर्धा गोंधळ कमी होईल. उलट सिस्टर स्वतः केरळातून आलेली असेल, तर मराठी आणि उर्दू दोन्ही तिने इथे येऊन शिकलेली असते. “मॅडम जोर, जोर!” एवढेच तिच्याजवळ असते, आणि तिच्या आवाजावरून बाई ओळखते की ही आपली आहे की नाही.

आता जे लिहायचे ते थोडे नाजूक आहे. लेबर रूममध्ये बायकांना काय काय ऐकावे लागते हे आमच्या भगिनी एकमेकींना सांगतात, पुरुषांना सांगत नाहीत. “तेव्हा नाही का ओरडलीस?” हे तर जातपात न पाहता सगळ्यांना ऐकवले जाते. आपल्या बायकांना त्यात आणखी एक जोड मिळते : “तुमच्यात काय, दरवर्षीच असतं.” अशी बाई पुढच्या खेपेला दवाखान्यात उशिरा जाते, किंवा जातच नाही, टोमण्याची किंमत कधीकधी जिवाने मोजावी लागते. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणातल्या अशा वागणुकीविरुद्ध स्वतंत्र निवेदन काढले, आणि आपल्या केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी जो ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू केला त्यात सन्मानाची वागणूक आणि सोबतीला घरची एक बाई, या दोन्ही गोष्टी आहेत. सोबतीला कोणाला पाठवायचे हे घराने आधी ठरवावे. जी रडत बसणार नाही आणि दोन्ही भाषा बोलेल अशी.

मात्र “कितवं?” हा प्रश्न टोमणा समजून चिडू नये. पाच किंवा अधिक बाळंतपणे झालेल्या बाईला पुस्तकात ‘ग्रँड मल्टी’ म्हणतात आणि ते विचारण्याला कारण आहे : वारंवार ताणलेली पिशवी बाळंतपणानंतर चटकन आवळत नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. सिस्टरला आकडा माहीत असेल तर ती रक्ताची सोय आधी करून ठेवते. लाजेने एखादे मूल कमी सांगणाऱ्या बाया असतात. त्यांनी खरा आकडा सांगावा, गेलेली खेपही सांगावी. त्याचसाठी तो ‘ए’ असतो.

आपल्या बहुतेक घरांत गरोदर बाई सूरह मरयम वाचते. त्यात खजुराच्या झाडाखाली एकट्या कळा सोसणाऱ्या हजरत मरयम यांना आधी दिलासा मिळतो, पाणी आणि खजूर त्यानंतर. आमच्या ओळखीतल्या एका जुन्या जाणत्या सिस्टर नव्या मुलींना सांगत, “आधी नाव विचारा, मग बीपी घ्या.” त्यांनी सूरह वाचलेली असण्याचे काही कारण नाही.

शेवटची गोष्ट दुःखाची आहे, पण तिच्यात शब्दाची चूक सगळ्यात महाग पडते. पोटातले बाळ गेले की सिस्टर म्हणते, “ठोके लागत नाहीयेत.” तिला तसे म्हणणे सोपे जाते, आणि घरच्यांना वाटते मशीन बिघडले आहे, दुसऱ्या दवाखान्यात नेऊ. कोणी “एक्सपायर झालं” म्हणते. तो शब्द औषधाच्या बाटलीवर असतो. “बाळ गेलं” हे दोन शब्द कठीण आहेत, पण त्यांत शंका उरत नाही. तसेच “बाळ रडलं नाही” याचा अर्थ बाळ मेलेले जन्मले असा नव्हे. कित्येक मुले उशिरा रडतात. न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ साली मांडलेले दहापैकी गुण त्याचसाठी पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला देतात. (ते शाळेचे मार्क नव्हेत, सहा मिळाले म्हणून पोर मठ्ठ निघत नाही.) जन्मल्यावर बाळाने श्वास घेतला की नाही, हालचाल केली की नाही, हे स्पष्ट विचारून घ्यावे आणि कागदावर लिहून घ्यावे. जनाज्याची नमाज आणि वारसा यांचे मसअले त्यावर अवलंबून असतात, ते आपल्या आलिमांना विचारावेत. सरकारी नोंदही त्यावरच ठरते : जिवंत जन्मून गेले तर जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदवले जातात, मृत जन्मले तर नोंद वेगळी होते.

आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात पडलेल्या मुलाला दवाखान्याच्या कागदावर ‘प्रॉडक्ट्स ऑफ कन्सेप्शन’ म्हणतात, थोडक्यात पीओसी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जगण्याच्या मुदतीआधीचा गर्भ पिवळ्या पिशवीत जातो, आणि तिथून जाळायला किंवा खोल पुरायला. सिस्टर नियम पाळते. घरच्यांच्या मनात दफन करायचे आहे हे तिला सांगितल्याशिवाय कळत नाही. बाई भुलीत असते, पुरुष बाहेर बिलाच्या खिडकीशी असतात आणि तेवढ्यात ते होऊन जाते. म्हणून आत नेण्याआधीच, ‘पीओसी’ वगैरे न म्हणता, सिस्टरला आणि डॉक्टरांना साध्या शब्दांत सांगून ठेवावे, “आमचं बाळ आहे, आम्हाला दफन करायचं आहे.” सोबतच्या बाईच्या हातात एक पांढरे स्वच्छ फडके असू द्यावे.

वारेला, कळांना, दिवस राहण्याला आणि आपोआप पडण्याला आपापल्या गावी घरात काय म्हणतात, ते भगिनींनी आम्हाला पोस्टकार्डावर कळवावे. सोबत गावाचे आणि तालुक्याचे नाव लिहावे. पुरेसे शब्द जमले तर त्यांचे एक पान करून आम्ही या सदरात छापू, म्हणजे एखाद्या सिस्टरला ते कापून लेबर रूमच्या भिंतीवर चिकटवता येईल.